एक ओमर

शास्त्रपाठ : निर्गम १६:१३-२१, २ करिंथ ८:१३-१५



गेल्या दीड वर्षापासून माझ्या सदऱ्याच्या खिशात एक लहानशी वही असते. तिच्यात पाठांतराची वचने नाहीत, प्रार्थनाविषयांची यादी नाही, की भाषांतराची टिपणेही नाहीत. मी काय खाल्ले, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. सकाळी चहा, साखर दोन चमचे. दुपारी पोळ्या दोन, तेल एक चमचा. संध्याकाळी शेंगदाणे, मूठभर. प्रत्येक नोंदीपुढे एक आकडा, आणि रात्री पानाच्या तळाशी बेरीज.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम बैठे असते. एका क्रियापदासाठी सकाळ जाते, एका अव्ययासाठी दुपार. वर्षानुवर्षे अशा मेजाशी बसलेल्या माणसाच्या ओठांवर वचने येतात आणि कमरेवर चरबी येते. वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी फीत लावून माझी कंबर मोजली. भारतीय पुरुषाने ९० सेंटीमीटर आणि स्त्रीने ८० सेंटीमीटर ही मर्यादा ओलांडू नये, असे आपल्याकडील तज्ज्ञ सांगतात. मी ती केव्हाच ओलांडली होती. रक्तातील साखरही सीमेवर येऊन उभी होती. डॉक्टर म्हणाले, "आठ किलो उतरवा. दिवसाला सोळाशे कॅलरींच्या आत राहा. आणि जे खाल ते लिहून ठेवा."

शब्द तोलण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला आता घास तोलण्याची पाळी आली!

हा विषय या पानांवर कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, आपल्या मंडळ्यांत मधुमेह नाही असे घर शोधावे लागते. आपले तरुण भ्रमणध्वनीवर घासाघासाचा हिशेब ठेवतात. काही घरांतल्या मुली आकड्याच्या भयाने जेवण टाळतात आणि आईबापांना ते उशिरा कळते. व्यासपीठ मात्र गप्प आहे. दारूवर आपण गर्जून बोलतो, तंबाखूवर बोलतो. ताटाविषयी बोलताना आपला आवाज खाली येतो. उपासनेनंतर प्रीतिभोजन असते आणि नाताळच्या करंज्या-चकल्यांचे डबे उघडे असतात, हेही त्याचे एक कारण असावे.

कॅलरी म्हणजे काय?

हा शब्द उष्णता या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. एक किलो पाणी एका अंशाने तापवण्यास जितकी उष्णता लागते, तितकी म्हणजे आहारशास्त्रातील एक कॅलरी. १८९०च्या दशकात अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, वेस्लियन विद्यापीठात, विल्बर ॲटवॉटर (१८४४-१९०७) नावाच्या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह एक बंद खोली उभारली. तिच्यात माणसाला काही दिवस ठेवायचे, त्याने खाल्लेल्या अन्नाचा आणि त्याच्या शरीरातून निघालेल्या उष्णतेचा ताळेबंद मांडायचा, असा तो उद्योग होता. पिष्ट पदार्थांच्या आणि प्रथिनांच्या एका ग्रॅमला चार आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला नऊ, हे आजही वापरात असलेले कोष्टक त्याच्याच कामातून आले. ॲटवॉटर हा एका मेथॉडिस्ट पाळकाचा मुलगा होता. गरीब कामगाराला थोड्या पैशांत पुरेसे पोषण कसे मिळेल, ही त्याची चिंता होती.

पुढे १९१८ साली लुलू हंट पीटर्स या कॅलिफोर्नियातील डॉक्टर बाईंनी लिहिलेल्या पुस्तकाने हे मोजमाप घरोघरी नेले. पावाचा तुकडा म्हणू नका, इतक्या कॅलरी पाव म्हणा, असे त्यांनी वाचकांस शिकवले. जे माप भुकेल्याला पुरेसे मिळावे म्हणून निघाले, ते आता धाल्या माणसाला आवरण्यासाठी वापरले जाऊ लागले. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यामुळे आपला तांदूळ आणि आपली डाळही या हिशेबात मांडता येते.

वही लिहू लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी मान खाली गेली. भाषांतर समितीच्या मेजावर शेंगदाण्यांची बशी असते. एखाद्या वचनावर वाद रंगला की हात आपोआप तिकडे जातो. तीस ग्रॅमच्या एका मुठीत दीडशेहून अधिक कॅलरी! दिवसाचे चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आणखी एकशे साठ. "मी फारसे काही खात नाही" असे मी पत्नीला वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. मी न पाहता खात होतो.

खरे माप

प्रथम हे स्पष्ट सांगू द्या, की मोजणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. देवाने अरण्यात आपल्या लोकांस आकाशातून भाकर दिली, आणि तिच्याबरोबर मापही दिले. दरडोई एक ओमर. ओमर म्हणजे एफाचा दशांश, असे त्या अध्यायाचे शेवटचे वचन सांगते. अभ्यासक ते माप दोन लिटरच्या आसपास धरतात. जो देव डोंगराएवढा मान्ना पाडू शकत होता, त्याने तंबूतील माणसे मोजून धान्य घ्यावयास सांगितले. साठवणाऱ्याच्या भांड्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट. म्हणजे पुष्कळपणा आणि मर्यादा ही दोन्ही एकाच हाताची दाने आहेत.

लूक १४:२८ मध्ये प्रभू येशूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. तेथील मूळ ग्रीक क्रियापद खड्यांवरून आले आहे. खडे मांडून हिशेब करणे, असा त्याचा मूळ भाव. प्रभूला असा बसून केलेला हिशेब मान्य आहे. आणि नीतिसूत्रे ११:१ म्हणते की, खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे. आपण ते वचन दुकानदाराला लावतो. मी ते माझ्या वहीला लावून पाहिले. शिगोशीग भरलेला चमचा मी सपाट म्हणून लिहीत होतो. सभेतला पेढा "प्रसंगाचा" म्हणून सोडून देत होतो. खोटी तागडी बाजारातच असते असे नाही. ती खिशातही असते.

गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाचे शेवटचे नाव म्हणून जो ग्रीक शब्द आहे, तो एंक्राटेया. आपल्या जुन्या मराठी भाषांतरात त्यासाठी "इंद्रियदमन" हा शब्द आहे. शब्द भारदस्त आहे, परंतु त्यातील "दमन" ऐकताच शत्रूला चिरडल्याचा भास होतो. मूळ शब्दात चिरडणे नाही. आतून धरून ठेवण्याचे सामर्थ्य आहे. चांगला गाडीवान बैलांना मारून टाकीत नाही. कासरा हाती ठेवतो. शिवाय हे फळ आहे. फळ झाडाला लागते, बाजारातून आणून बांधता येत नाही. वही लिहिणे म्हणजे फार तर झाडाभोवती आळे करणे. पाणी घालणारा आणि वाढवणारा निराळा आहे.

माप धनी होते तेव्हा

वाचकहो, इथवरचे सांगणे सोपे होते. आता जे सांगतो ते सांगताना संकोच वाटतो.

वही सुरू करून चार महिने झाले होते. पाच किलो उतरले होते आणि लोक कौतुक करीत होते. एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी पाळकांनी भाकरीचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला शब्द उमटला तो प्रभूचे नाव नव्हता, उपकारस्तुती नव्हती. तो एक आकडा होता. "पंधरा."

मी तो तुकडा खाल्ला. पण त्या दिवशी मी खांबासारखा उभा राहिलो आणि घरी येईपर्यंत कोणाशी बोलू शकलो नाही. जे शरीर माझ्यासाठी मोडले गेले, त्याची मी कॅलरी मोजली होती.

सहाव्या शतकाच्या अखेरीस रोमचा धर्माध्यक्ष असलेल्या ग्रेगरीने खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत. अति खाणे हा त्यांतला एकच. वेळेआधी खाणे, उंची अन्नाचाच हट्ट, अधाशीपणे खाणे, आणि अन्नाविषयी फार चोखंदळ काळजी वाहणे हे बाकीचे. म्हणजे ताट रिकामे असतानाही माणूस अन्नाचा गुलाम असू शकतो. मी कमी खात होतो, पण दिवसभर खाण्याचाच विचार करीत होतो.

याला शरीराचेही कारण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे कळावे, म्हणून छत्तीस निरोगी तरुणांनी स्वेच्छेने अर्धपोटी राहणे पत्करले. विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र उचलण्यास नकार दिलेले हे तरुण होते, आणि त्यांत शांतिवादी ख्रिस्ती मंडळ्यांतील अनेक जण होते. ज्यांना रोज सुमारे ३२०० कॅलरी लागत, त्यांना चोवीस आठवडे त्याच्या निम्म्याने, सरासरी १५७०च्या आसपास, अन्न दिले गेले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण त्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की ही सुशिक्षित, सेवाभावी मुले पाककृतींची पुस्तके जमवू लागली, ताटे चाटू लागली, आणि त्यांना अन्नावाचून दुसरा विषय सुचेना. शरीर उपाशी ठेवले की मन ताटाभोवती घिरट्या घालू लागते. ते पाप नव्हे. ती शरीराची हाक आहे. म्हणून ज्याला त्याला झेपेल तेवढेच माप हवे.

आणि आकडा तरी किती खरा? १९५८ साली मॅक्स विश्नोफ्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी हिशेब मांडला, की एक पौंड वजनामागे ३५०० कॅलरी, म्हणजे एका किलोमागे सुमारे ७७००. पुष्कळ जण हा हिशेब पाढ्यासारखा चालवतात. पण अन्न कमी झाले की शरीरही आपला खर्च आवरते, आणि पाढा चुकू लागतो. दुसरीकडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली "लॅन्सेट" या नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखे. निर्देशांक दोघांचाही २२.३. मात्र एकाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुण्याच्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! काटा दोघांना एकच सांगत होता. काटा माणसाच्या आत पाहू शकत नाही.

तरीही रोज सकाळी आपण काट्यावर असे उभे राहतो, जणू तो न्यायाधीश आहे. दानीएलाच्या पाचव्या अध्यायात बेलशस्सर राजाला तागडीत तोलले गेले आणि तो उणा भरला. ते ऐकून राजवाडा हादरला. आपण मात्र उणे भरावे म्हणून प्रार्थना करतो, आणि काट्याने दोनशे ग्रॅम अधिक दाखवले तर त्या दिवशी देवासमोरही तोंड लपवतो. बंधुभगिनींनो, तो न्याय काट्याच्या हाती कोणी दिला? त्याच दानीएलाच्या पहिल्या अध्यायाचा आधार घेऊन काही जण बारीक होण्याचे पथ्य शिकवतात. त्यांनी पंधरावे वचन वाचावे. दहा दिवस भाजीपाला आणि पाणी घेतल्यावर ते चार तरुण अधिक पुष्ट दिसू लागले, असे मूळ हिब्रू सांगते! तो अध्याय वजनाचा नाहीच. मी कोणाच्या ताटाचा बांधील आहे, या प्रश्नाचा आहे.

दावीद राजाने लोकांची मोजदाद केली तेव्हा (२ शमुवेल २४) यवाबासारखा कठोर सेनापतीही बिचकला. पण गणना या पुस्तकात तीच मोजदाद देवाच्या आज्ञेने झाली आहे. मोजणे दोन्हीकडे आहे. फरक आहे तो मोजणाऱ्याच्या हाताचा.

माप कोणाच्या हाती?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. तो मला सह्याद्रीच्या कुशीतील एका पाड्यावर विचारला गेला.

एका आदिवासी भाषेत निर्गम पुस्तकाचा मसुदा तयार झाला होता. अशा वेळी आम्ही गावी जाऊन तो वाचून दाखवतो आणि ऐकणाऱ्यांना काय समजले ते विचारतो. संध्याकाळी एका विधवा आजींच्या घरी उतरलो. त्यांनी नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वालाची आमटी वाढली. एक भाकरी खाऊन मी हात आखडता घेतला. त्यांनी दुसरी पुढे केली. मी नको म्हटले. मग, सवयीप्रमाणे, खिशातली वही काढली.

"भाऊ, काय लिवता?" त्यांनी विचारले.

"काय खाल्लं ते लिहितो, आजी."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमी बी मोजायचो. बहात्तरच्या सालाला. तवा मोजायचो ते उद्याला किती उरलं म्हनून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोळावा अध्याय वाचला. ओमर या शब्दाला कोणते माप योजावे हा आमचा प्रश्न होता. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी मापे लोक सुचवीत होते. आजी मात्र म्हणाल्या, "ते असूं दे. माप कोनाच्या हातात व्हतं ते सांगा." कोणालाच तो प्रश्न कळला नाही. मग त्यांनी सांगितले. १९७२च्या दुष्काळात त्या नवी सून म्हणून खडी फोडायला जात. कामावर सुकडी वाटली जाई. मुकादमाच्या मनात असेल त्याचे भांडे शिगोशीग, नसेल त्याचे सपाटीच्याही खाली. "माप एकच व्हतं, भाऊ. हात येगळा पडायचा."

परतल्यावर मला इतिहासातील एक माप आठवले. १८७७ साली मद्रास इलाख्यातील भीषण दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकार्यावरील मजुराचे रोजचे धान्य एका पौंडावर, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमवर, आणून ठेवले. वर थोडेसे पैसे. आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हे माप श्रम करणाऱ्या माणसाला पुरणारे नाही म्हणून कडाडून विरोध केला, आणि काही महिन्यांनी ते बदलावे लागले. मी आजची कोष्टके काढून हिशेब केला. ४५० ग्रॅम तांदूळ म्हणजे जवळजवळ सोळाशे कॅलरी.

सोळाशे! माझ्या वहीतला आकडा. मिनेसोटातील तरुणांचाही जवळपास तोच. आकडा एक, पण हात तीन. पहिला राज्यकर्त्याचा हात: तिजोरी वाचावी म्हणून दुसऱ्याच्या तोंडचे काढणारा. दुसरा त्या तरुणांचा: परक्या भुकेल्यांसाठी स्वतःचे ताट अर्धे करणारा. आणि तिसरा माझा: मेजाशी बसून काम करणाऱ्या, गरजेपेक्षा अधिक खाल्लेल्या माणसाचा. माझ्या शरीराला ते माप औषध होते. खडी फोडणाऱ्या मजुराला तेच माप मरण होते. म्हणूनच निर्गमातील आज्ञेत ओमराबरोबर आणखी एक शब्द आहे: ज्याच्या त्याच्या खाण्याप्रमाणे. त्या हिब्रू वाक्प्रयोगात "तोंड" हा शब्द दडलेला आहे. देव माप देतो तेव्हा तो आधी तोंडाकडे पाहतो.

पंडिता रमाबाईंचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. त्यांचे आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातील दुष्काळात उपासमारीने गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावी सांभाळल्या, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. आम्हा भाषांतरकारांच्या त्या पूर्वज. भूक पाहिलेल्या हातांनी त्यांनी "रोजची भाकर" हे शब्द लिहिले असतील. माझ्या मेजावर शेंगदाण्यांची बशी होती.

दुसरा रकाना

आता पौलाकडे या. यरुशलेममधील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना तो करिंथकरांस नेमके मान्न्याचेच वचन आठवून देतो (२ करिंथ ८:१५). त्याचे म्हणणे असे, की तुमची आजची विपुलता त्यांची उणीव भरून काढो, म्हणजे बरोबरी होईल. ओमराचा अर्थ पौलाने असा लावला. माप हे कोणाला बारीक करण्यासाठी नव्हते. कोणाच्याही तंबूत भांडे रिकामे राहू नये म्हणून होते. ज्याने अधिक गोळा केले त्याच्याजवळ शिल्लक राहिली नाही, कारण ती शेजारच्या तंबूत हवी होती.

दुसऱ्या शतकात ख्रिस्ती मंडळीत वाचल्या जाणाऱ्या "हर्मासाचा मेंढपाळ" या ग्रंथात उपासाची एक रीत सांगितली आहे. त्या दिवशी भाकर आणि पाणी घ्यावे; एरवी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी; आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. वाचकहो, हीही अन्नाचा हिशेब ठेवणारी वहीच होती! परंतु तिच्यात दोन रकाने होते. माझ्या वहीत एकच होता. मी काय टाळले ते त्यात होते. ते कोणाकडे गेले ते नव्हते.

पाड्यावरून आल्यावर मी वहीत उभी रेघ ओढली. डाव्या बाजूला कॅलरी, उजव्या बाजूला रुपये. न घेतलेली साखर, न तळलेली भजी, न मागवलेली मिठाई. महिनाअखेरीस होणारी रक्कम मोठी नसते. पण ती एका पाकिटात जाते, आणि पाकीट एका घरी जाते. उजवा रकाना आल्यापासून डावा रकाना माझ्या डोक्यावरून खाली उतरला. तो धनी होता, आता चाकर झाला आहे.

शेवटी काही सूचना. ज्यांना डॉक्टरांनी सांगितले आहे त्यांनी खुशाल मोजावे, आणि खरे मोजावे. मात्र काही महिने मोजून डोळा आणि हात तयार झाले की वही बाजूला ठेवता आली पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलामुलींनी, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या वाटेला जाऊ नये. घरातील कोणी जेवण चुकवत असेल, खाल्ल्यावर ओकून टाकत असेल, आरशाला भीत असेल, तर त्याला वचने सुनावू नका. प्रेमाने जवळ घ्या आणि जाणत्या डॉक्टरांकडे न्या. तो आजार आहे, हट्ट नव्हे. प्रभूच्या दिवशी वही बंद ठेवा. शब्बाथाला इस्राएलानेही मान्ना गोळा केला नाही. आणि पाहुणे म्हणून गेलात तर लूक १०:८ मधील प्रभूची सूचना आठवा: वाढलेले खावे. यजमानाच्या ताटाला कोष्टक लावू नये.

माझे सहा किलो उतरले, दोन राहिले आहेत. साखर सीमेच्या आत आली. देवाचे आभार. पण त्याहून एक गोष्ट सांगाविशी वाटते. मसुद्याच्या दुसऱ्या वाचनासाठी मी पुन्हा त्या पाड्यावर गेलो. आजींनी भाकरी वाढली, मग दुसरी पुढे केली. मी ती घेतली. अर्धी मोडून त्यांच्या ताटात ठेवली, आणि अर्धी खाल्ली. त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिले. वही मी आणली नव्हती.

"आज लिवनार न्हाय?"

"नाही, आजी. आज माप तुमच्या हातात."

त्या हसल्या, आणि त्यांनी वाटीत आमटी आणखी ओतली.

प्रार्थना : हे प्रभू, आमची रोजची भाकर तू देतोस आणि तिचे मापही तूच देतोस. ज्यांच्या ताटात अधिक आहे त्यांना खरेपणाने मोजावयास शिकव. ज्यांच्या ताटात उणे आहे त्यांच्यापर्यंत आमचे हात पोहोचव. आकड्याच्या भयातून आम्हांस सोडव. तुझ्या मेजाशी येताना आमच्या मनात तुझ्यावाचून दुसरे काही नसावे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.